उचल फिटायला किती पावले लागतात?

शिरवणे गावठाणातल्या आपल्या केंद्रात दर शनिवारी दुपारी पैशांचा वर्ग भरतो. या वर्गात कोणी बसत नाही. बाकडी भिंतीला लावलेली असतात, फरशीवर खडूच्या रेघा मारलेल्या असतात आणि वीस-पंचवीस मुली व बाया त्या रेघांवरून पुढे-मागे चालत असतात. केंद्राला भेट द्यायला आलेले हितचिंतक हे पाहून विचारतात, "ताई, हा हिशोबाचा वर्ग आहे की खेळाचा तास?" या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे. तो वाचून एखाद्या गावात, मंडळीत किंवा आश्रमशाळेत असा वर्ग कोणी सुरू केला, तर आनंदच होईल.

वर्गात कोण येते?

पेण, खालापूर, कर्जत या भागांतल्या वाड्यांमधून शिवणकाम आणि रुग्णसेवा शिकायला आलेल्या मुली केंद्राच्या वसतिगृहात राहतात. त्यांतल्या काही जणी शिकून आता शिरवण्याच्या एमआयडीसीत कामाला लागल्या आहेत. आयुष्यातला पहिला पगार त्यांच्या हातात आला आहे. दुसरा गट बांधकामावर मजुरी करणाऱ्या बायांचा. आसपासच्या साइटवर काम मिळेल तितके दिवस त्या इथे राहतात. दोन्ही गटांत कातकरी आणि ठाकूर समाजाच्या जास्त. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलातले ते काम गेले, कोळशाच्या भट्ट्या गेल्या, आणि आता पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. वर्गातल्या बहुतेक मुली लहानपणी आईबापांबरोबर भट्टीवर राहिलेल्या आहेत.

पैशांविषयी यांना काही कळत नाही, असे समजून शिकवायला गेले तर पहिल्याच दिवशी तोंडावर पडायची वेळ येते. आठवडी बाजारात शंभर रुपयांत सात जणांचे कालवण बसवणारी बाई हिशोबात कच्ची नसते. तिचा हिशोब कागदावर नसतो इतकेच. फळ्यावर "उत्पन्न, खर्च, बचत" असे तीन रकाने आखले की ती गप्प होते. शाळा सुटल्यावर जी भीती मागे राहिली असे तिला वाटत होते, ती खडूच्या वासाबरोबर परत येते. म्हणून आम्ही रकाने फरशीवर आखले आणि तिला त्यांतून चालायला सांगितले.

ही कल्पना नवी नाही

आदिवासी मुलांना बाकावर गप्प बसवून शिकवता येत नाही, हे महाराष्ट्रात फार पूर्वी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या पाड्यात गेली, अंगणात भरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराऊ कुरणातच शाळा घेतली; तिचे नाव कुरणशाळा. बिया, पाने, खडे हेच शिक्षणाचे साहित्य झाले. वसई भागात विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. शिकणारा जिथे आहे तिथे जायचे आणि त्याच्या अंगात जे मुरलेले आहे त्यातून शिकवायचे, हा धडा या थोर बायांनी आणि कार्यकर्त्यांनी आपल्याला दिला आहे. आम्ही तो मोठ्यांच्या वर्गाला लावला.

चालून शिकण्याचा आणखी एक फायदा आहे. कागदावरचा तीस हजाराचा आकडा आणि तीन हजाराचा आकडा, दोन्ही वीतभरच दिसतात. पावलांत मोजले की तीस हजार दहापट लांब जातात, आणि ते अंतर पायांना समजते.

पहिला खेळ : महिन्याची वाट

फरशीवर तीस घरे आखायची. प्रत्येक मुलीच्या ओच्यात तीस चिंचोके. एक चिंचोका म्हणजे एका दिवसाची कमाई. इथे रुपये मुद्दाम सांगत नाही. घराघरांत चित्रे ठेवलेली असतात : तांदूळ, रिचार्ज, रिक्षा, ताप, गावाकडून आलेला पाहुणा, नवी चप्पल. चालत जायचे आणि ज्या घरात खर्च करावासा वाटेल तिथे चिंचोके टाकायचे. ताप आणि तांदूळ मात्र सोडता येत नाहीत.

चिंचोके संपले की तिथेच उभे राहायचे. बहुतेक जणी सतरा ते वीस या घरांत थांबतात. पुढची घरे रिकामी दिसत असतात आणि हातही रिकामा असतो. मग त्यांना विचारायचे, "आता पुढे कशी जाशील?" उत्तर एकच येते, "उसने घेऊन." ज्या मुलीकडे चिंचोके उरलेले असतात तिच्याकडून ती घेते आणि पुढच्या महिन्याच्या फेरीत तितके कमी घेऊन निघते. दुसऱ्या महिन्यात ती आणखी अलीकडे थांबते. हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

या खेळातून एक सवय लागते. वस्तूची किंमत रुपयांत न विचारता दिवसांत विचारायची. बारा हजारांचा मोबाइल म्हटले की तो हप्त्यावर सहज घ्यावासा वाटतो. "हा माझ्या तीस दिवसांचा आहे" असे म्हटले की मुलगी क्षणभर थांबते. घ्यायचा की नाही, हे तिने ठरवायचे. आमचे काम तिला त्या क्षणापर्यंत नेण्याचे.

दुसरा खेळ : गरज, हौस आणि लोकलाज

पैशांच्या पुस्तकांत खर्चाचे दोन भाग असतात, गरज आणि हौस. आम्हीही खोलीचे दोन कोपरे ठरवून सुरुवात केली. खर्चाचे नाव घेतले की ज्या कोपऱ्यात तो बसतो तिकडे पळायचे. तांदूळ म्हटले की सगळ्या एका बाजूला. पावडरचा डबा म्हटले की हसत दुसऱ्या बाजूला. पण "नणंदेच्या लग्नातला आहेर" म्हटल्यावर बाया खोलीच्या मध्येच उभ्या राहिल्या. एक बाई म्हणाली, "ताई, ही गरज पण नाय आन् हौस पण नाय. नाय दिलं तर तोंड दाखवाया जागा राहात नाय." तेव्हापासून आमच्या वर्गात तिसरा कोपरा आहे, लोकलाजेचा. लग्न, बारसे, दिवसकार्य, गावजेवण हे सारे तिथे जाते. सर्वांत मोठी कर्जे याच कोपऱ्यातून निघतात, हे बायांनीच मोजून काढले. हा खर्च करू नका असा उपदेश आम्ही करत नाही. नात्यांवर जगणाऱ्या समाजात आहेराला अर्थ असतो. पण तो खर्च अचानक येत नाही; लग्न ठरल्यापासून दिवस हाताशी असतात. म्हणून तिसऱ्या कोपऱ्यासाठी बचत गटात वेगळी चिमूट टाकायची, असे त्यांच्यात ठरले.

तिसरा खेळ : उचलीची दोरी

हा आमच्या वर्गातला मुख्य खेळ. तो नीट समजावा म्हणून आधी भट्टीचा रिवाज सांगते. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात धान्य संपलेले असते, गौरी-गणपतीचा सण तोंडावर असतो. तेव्हा मालक किंवा त्याचा मुकादम येऊन पैसे देतो. ही उचल. बाया म्हणतात, "अंगावर पैसे घेतले." दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी भट्टीवर जाते आणि विटा थापू लागते. मजुरी हजार विटांमागे ठरलेली असते, पण ती दर आठवड्याला हातात येत नाही. बाजारापुरती खर्ची मिळते आणि खरा हिशोब हंगामाच्या शेवटी होतो. उचल आणि खर्ची वजा जाऊन काही उरले तर ते घरी न्यायचे. उचल फिटली नाही तर ती "फिरते", म्हणजे पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते.

आता खेळ. फरशीच्या मधोमध एक जाड रेघ. एक पाऊल म्हणजे दीड हजार रुपये. आकडे खेळापुरते आहेत; प्रत्येकीने आपल्या भट्टीचा भाव घालून ते बदलावेत. उचल तीस हजार, म्हणून खेळणारी रेघेच्या वीस पावले मागे उभी राहते. तिच्या कमरेला दोरी असते आणि दोरीचे टोक मालक झालेल्या मुलीच्या हातात. जोडी आठवड्याला पाच हजार विटा थापते, भाव हजारी नऊशे. म्हणजे साडेचार हजार, तीन पावले पुढे. खर्ची दीड हजार, एक पाऊल मागे. दर आठवड्याला दोन पावले पुढे सरकत दहाव्या आठवड्यात ती रेघेवर पोचते आणि दोरी सुटते. हंगाम चोवीस आठवड्यांचा धरला तर उरलेल्या चौदा आठवड्यांत ती अठ्ठावीस पावले पुढे जाईल, म्हणजे बेचाळीस हजार घेऊन घरी येईल. मालकही उचल देताना असेच सांगतो आणि त्याचे हे गणित खोटे नसते.

मग आम्ही चिठ्ठ्या घालून पुन्हा खेळतो. तीन आठवडे तापात गेले. दोन आठवडे अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळवल्या. या पाच आठवड्यांत कमाई शून्य, पण खर्ची घ्यावीच लागते, म्हणून प्रत्येक वेळी एक पाऊल मागे. शेवटी ती रेघेच्या पुढे अठ्ठावीसऐवजी तेराच पावलांवर उभी असते, साडेएकोणीस हजारांवर. घरात लग्न निघाले आणि मध्येच आणखी नऊ हजार घेतले. सहा पावले मागे. उरली सात पावले, साडेदहा हजार.

आता शेवटची चिठ्ठी. मालकाच्या वहीत दर आठवड्याची खर्ची दीड हजाराऐवजी दोन हजार लिहिली गेली आहे. आठवड्याला पाचशेचा फरक. चोवीस आठवड्यांचे बारा हजार, म्हणजे आठ पावले. जी बाई सात पावले पुढे होती ती आठ पावले मागे येते आणि रेघेच्या अलीकडे, एक पाऊल मागे उभी राहते. सहा महिने राबून दीड हजाराची देणेकरी. उचल फिरली.

इथे वर्ग दरवेळी शांत होतो, कारण ही जागा कित्येकींच्या ओळखीची असते. सगळेच भट्टीमालक खोटे लिहितात असे नाही. पण हिशोबाची वही एकाच बाजूला असली, तर खरे-खोटे ठरवायला दुसरी बाजू राहतच नाही. आणि पावसात विटा विरघळल्या तर नुकसान कोणाचे, हा प्रश्नही उचल घेताना कोणी विचारलेला नसतो. वर्गात तो बाया जोरजोराने विचारतात. पुढच्या पावसाळ्यात मुकादमासमोर विचारायची ही तालीमच असते.

दोरीच्या गाठी

यावर उपाय म्हणून लिहायला शिका असे सांगणे बरोबर आहे, पण दिवाळी काही थांबत नाही. म्हणून आम्ही तीच दोरी त्यांच्या हातात देतो. खर्ची मिळाली की दर पाचशेला एक गाठ. आठवडा संपला की एक मणी. विटांच्या हजाराला झोपडीच्या कुडावर कोळशाची रेघ. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी बाजारच्या दिवशी तारीख आणि रक्कम आपल्या आवाजात बोलून ठेवायची. शाळेत जाणारे लेकरू असेल तर त्याने वहीत लिहायचे.

गेल्या हंगामात वर्गातली एक बाई अशी दोरी घेऊन हिशोबाला बसली. मुकादम आधी हसला. मग वही आणि गाठी आठवड्यागणिक ताडून पाहिल्या तेव्हा तीन ठिकाणी फरक निघाला. दोन त्याने मान्य केले, तिसरा केला नाही. तिला हजार रुपये जास्त मिळाले. "पैका थोडाच हाय," ती म्हणाली, "पन यंदा त्यानं मला वही दाखवली."

चौथा खेळ : व्याजाची साखळी

दहा जणी ओळीने बसतात. त्या म्हणजे दहा हजारांचे कर्ज. सावकाराचे व्याज महिन्याला शेकडा दहा. दर महिन्याला बाहेरून एक मुलगी येते आणि सावकाराच्या बाजूला जाऊन उभी राहते. हे महिन्याचे व्याज. दहा महिन्यांनी सावकाराकडे दहा जणी जमतात आणि मूळच्या दहाही बसलेल्याच असतात. "आम्ही तर दर महिन्याला भरतोय, मग फिटत का नाही?" या प्रश्नाचे उत्तर समोर बसलेले असते. मग तेच कर्ज बचत गटातून शेकडा दोनने घेतले असे धरून पुन्हा खेळायचे. दहा महिन्यांत फक्त दोघी उठून जातात. उरलेल्या आठ जणींचे पैसे मुद्दल फेडायला वापरता आले असते, हे मुली स्वतःच मोजतात.

खेळानंतर सांगायच्या गोष्टी

खेळ संपल्यावर पंधरा मिनिटे आम्ही गोल करून बसतो आणि माहिती सांगतो. एका दिवशी एकच गोष्ट. त्यांतल्या महत्त्वाच्या अशा :

उचल घेणे गुन्हा नाही. पण उचलीच्या नावाखाली कोणाला काम सोडू न देणे, दुसरीकडे जाऊ न देणे, राबवून घेणे ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली आहे आणि अशा वेठीचे कर्जही त्याच कायद्याने रद्द ठरते. तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. गरजेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबावे लागणे हेही वेठच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटले आहे.

परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्यात करायची.

जनधन खात्यात पैसे शिल्लक ठेवण्याची सक्ती नाही, पण दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. भट्टीवर जाण्याआधी आणि आल्यावर शंभर रुपये तरी भरावेत किंवा काढावेत.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा मिळतो. हे वीस रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. आपली माणसे नेमकी तेव्हा भट्टीवर असतात आणि खाते रिकामे असते. म्हणून ते पैसे दिवाळीतच खात्यात टाकून ठेवायचे.

फोनवर आलेला आकडा कोणालाही सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवायचे.

या वर्गाने काय होते, काय होत नाही

खेळाने मजुरी वाढत नाही. पावसाळ्यात वाडीवर काम नसेल तर दोरीला कितीही गाठी मारल्या तरी उचल घ्यावीच लागेल. रोजगार हमीची कामे वेळेवर निघणे, वनहक्काचे दावे मंजूर होणे, मुलांना शिकण्यासाठी गावातच थांबता येणे यांसाठीची धडपड वेगळी आहे आणि ती चालूच ठेवायला हवी. गरिबाच्या गरिबीचे कारण त्याचा उधळेपणा आहे, असा समज या वर्गातून पसरू नये याची आम्ही काळजी घेतो. चोवीस आठवड्यांच्या खेळात बाईने एकही पैसा उधळलेला नसतो, तरी ती एक पाऊल मागे राहते, हे पाहुण्यांनीही पाहावे.

पण काही गोष्टी होतात. उचल घेताना ती किती आठवड्यांची आहे हे विचारले जाते. नवरा-बायको दोघेही हिशोबाला बसतात. पहिला पगार मिळालेली मुलगी घरी किती पाठवायचे आणि स्वतःजवळ किती ठेवायचे याचा विचार करते. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या माणसाचा दाखला येतो. आमच्या बायांना बसायला सवड मिळत नाही, म्हणून त्या तो चालून करतात.

तुम्हाला हा वर्ग घ्यायचा असेल तर

साहित्य फार लागत नाही : खडू, किलोभर चिंचोके, सुतळी आणि मोकळी जागा. मातीच्या अंगणात काठीने रेघा ओढल्या तरी चालतात. गट पंचवीसपेक्षा मोठा नसावा. पायाने अधू किंवा गरोदर बाई असेल तर तिच्या वतीने दुसरीने चालावे आणि तिने मोजणी करावी. कोणाचे खरे कर्ज किती आहे हे सगळ्यांसमोर विचारू नये. खेळातले आकडे त्यासाठीच आहेत. ज्याला बोलायचे असेल तो वर्ग सुटल्यावर थांबतो. पुरुषांना जरूर बोलवावे, पण मालकाची दोरी पहिल्यांदा बाईच्या हाती द्यावी. तिला ते काम फार चांगले जमते, आणि हसण्याने सगळ्यांचा संकोच जातो.

गौरी-गणपतीच्या आधीचे दोन महिने या वर्गासाठी सर्वांत चांगले, कारण उचल त्याच दिवसांत दिली जाते. यंदा जून-जुलैत शिरवण्याहून आम्ही दोघी-तिघी जणी वाड्यांवर जाऊन हा वर्ग घेणार आहोत. आपल्या ओळखीच्या वाडीवर, शाळेत किंवा बचत गटात यायला हवे असेल तर केंद्राला कळवावे. येताना चिंचोके आम्ही आणू. अंगण तेवढे झाडून ठेवावे.